काळ्या-पांढऱ्या साहसचित्रकथेचे पान: आधी काळे, मग रेघ

नागपुरातले चित्रकलेचे विद्यार्थी आणि हौशी चित्रकार आपल्या चित्रकथांची पाने मला दाखवायला आणतात, तेव्हा एकच अडचण वारंवार समोर येते. कथा अद्भुत साहसाची असते, तिच्यात पडके किल्ले, शापित तळी, राक्षस आणि तलवारी असतात, पेन्सिलीचे रेखाटन मन लावून केलेले असते, आणि तरीही शाई चढल्यावर पान फिके आणि गोंधळलेले दिसते. याचे कारण असे की, ते पान मनातल्या मनात रंगीत कल्पून रेखाटलेले असते. रंग तर येणारच नसतात, म्हणून त्यांचे काम करणारे पानावर काहीच उरत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक झग्यावर, अगदी आभाळावरही सारख्याच आडव्यातिडव्या रेघा ओढल्या जातात. काळे कुठे असणार हा निर्णय शेवटी घेतला जातो. तो सर्वांत आधी घ्यायचा असतो.

अद्भुत कथेला काळे-पांढरे चित्र शोभते ते यामुळेच. भरीव काळ्यात काय दडले आहे हे चित्रकार सांगत नाही, वाचकाची नजर ते स्वतः पूर्ण करते, आणि म्हणून अर्धा दिसलेला राक्षस पूर्ण दिसलेल्या राक्षसापेक्षा मोठा वाटतो. हा परिणाम हाताच्या सफाईपेक्षा कामाच्या क्रमावर अधिक अवलंबून असतो, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सगळे टप्पे समजावेत म्हणून एकच पान उदाहरणादाखल घेतो: रात्रीच्या वेळी एक मुलगी मशाल घेऊन पडक्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरते, तिचा म्हातारा वाटाड्या वरच थांबतो, पाण्याखाली काहीतरी हलते, आणि पाचव्या चौकटीत ते वर येते.

१. मापे, कागद आणि शाई

पहिला प्रश्न कागदाचा नाही, छापील आकाराचा आहे. पुस्तिका ए-४ आकारात छापायची असेल तर मूळ पान ए-३ वर काढावे, आणि ए-५ मध्ये छापायची असेल तर ए-४ वर. दोन्ही वेळा चित्र सुमारे ७० टक्क्यांवर येते, म्हणजे हाताचा किरकोळ कंप झाकला जातो, पण त्याच हिशेबाने रेघही बारीक होते. ०.१ मिलिमीटरच्या पेनाची रेघ छपाईत ०.०७ मिलिमीटर उरते आणि साध्या कागदावर जागोजागी तुटते. मूळ पानावर ०.२ पेक्षा बारीक पेन वापरू नये.

कागद २५० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आसपासचा, गुळगुळीत पृष्ठाचा असावा. आयव्हरी शीट किंवा ब्रिस्टल दोन्ही चालतात. काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, एक लवचीक निब आणि टाक, २ व ४ क्रमांकाचे राउंड ब्रश, ०.३, ०.५ आणि ०.८ चे पेन, आणि दुरुस्तीसाठी पांढरा पोस्टर कलर एवढे साहित्य पुरेसे आहे. नव्या निबला गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो साबणाने धुऊन कोरडा पुसल्याशिवाय शाई निबवर टिकत नाही, थेंब होऊन गळते.

आपल्याकडच्या हवेचा विचार इथेच करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा निबवरची शाई दोन रेघांमध्येच सुकते, म्हणून पाण्याची वाटी आणि सुती फडके हाताशी ठेवून दर काही मिनिटांनी निब धुवावी. कूलरसमोर बसून शाईकाम करू नये. ओलसर हवेने कागद लाटांसारखा उचलला जातो, आणि उडालेला एक तुषार ओल्या काळ्यावर पडला तरी तिथे डाग उमटतो. पावसाळ्यात उलट अडचण येते: कागद दमट होतो, शाई रेघेच्या कडेने फुटते आणि सुकायला बराच वेळ घेते. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

*सावधान:* वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक नेहमीच्या फाउंटन पेनमध्ये भरू नये. ती आत सुकली की पेन कायमचा बंद पडतो.

*तपासा:* कागदाच्या तुकड्यावर प्रत्येक पेनाची, निबची आणि ब्रशची रेघ ओढा, शेजारी साधनाचे नाव लिहा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची ७० टक्क्यांवर झेरॉक्स काढून आणा. झेरॉक्सवर जी रेघ सलग दिसत नाही ते साधन या पानासाठी बाजूला ठेवा.

२. बाहेर जाऊन दोनच छटांत पाहणे

अद्भुत कथा काल्पनिक असली तरी तिच्यातला दगड खरा वाटायला हवा. इंटरनेटवरची छायाचित्रे समोर ठेवून काढलेली पाने मला लगेच ओळखू येतात, कारण त्यांत प्रकाश प्रत्येक चौकटीत वेगळ्याच बाजूने येत असतो. त्यापेक्षा रामटेकला जावे. गडाच्या दरवाजांच्या कमानी, कपूर बावडीचे दगडी खांब आणि पायऱ्या, आणि उन्हाळ्यातले कडक ऊन यांत काळ्या-पांढऱ्याचा अख्खा अभ्यासक्रम आहे: सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असते आणि सावलीच्या आत जवळजवळ काहीच दिसत नाही. शस्त्रांचे आकार आणि कोरीव मूर्ती पाहण्यासाठी आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, उपयोगी पडतो. प्राण्यांचे स्नायू आणि चाल यांसाठी महाराजबागेतले प्राणिसंग्रहालय. राक्षसाचा आकार माणसाच्या तुलनेत कसा दाखवायचा हे शिकायचे असेल, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतींची, म्हणजे भल्यामोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पाहावी. ती प्रचंड आकृती दोन्ही बाजूंच्या घरांमधून पुढे सरकते, तिच्या पायाशी माणसांची डोकी दाण्यांसारखी दिसतात, आणि आपली नजर खालून वर जाते. पाचव्या चौकटीतला राक्षस मी तिथूनच उचलला आहे.

रेखाटन करताना नियम एकच पाळावा: जाड मार्कर घ्यावा आणि बाह्यरेषा न काढता थेट सावलीचे आकार भरावेत. उजेड म्हणजे कोरा कागद, सावली म्हणजे काळे, आणि मधले काहीही नाही. पहिली दहा-बारा रेखाटने वाईट होतील. त्यानंतर डोळा वस्तू पाहण्याऐवजी आकार पाहू लागतो, आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांना लागते ती हीच सवय.

३. पात्रे छटेवरून वेगळी करणे

रंगीत चित्रकथेत लाल अंगरख्याचा तो नायक आणि हिरव्या पगडीचा तो खलनायक, एवढ्याने भागते. इथे ती सोय नसल्याने प्रत्येक पात्राला स्वतःची छटा आणि स्वतःचा काळा आकार द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात मुलीचे केस भरीव काळे आणि कपडे पांढरे आहेत, म्हणजे अंधारात ती पांढरी उठून दिसते. वाटाड्याच्या अंगावर काळी घोंगडी आणि डोक्याला पांढरा पटका आहे, म्हणजे त्याची छटा नेमकी उलटी. तिसरे पात्र असते तर मी त्याला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र दिले असते, म्हणजे दुरून तो मधला राखाडी दिसला असता.

कथेतही रंगावर विसंबलेले काही नाही ना, हे याच वेळी पाहावे. “तांबडा मणी घे, निळ्याला हात लावू नकोस” असा संवाद असलेले पान काळ्या-पांढऱ्यात उभेच राहत नाही. मणी आकाराने, तड्यांनी किंवा कोरलेल्या चिन्हाने वेगळे करावेत.

*तपासा:* सगळी पात्रे शेजारीशेजारी उभी करून, प्रत्येकी दोन इंच उंचीची, फक्त काळ्या छायाकृती म्हणून भरा. नाव न सांगता घरातल्या कोणाला तरी दाखवा. कोण कोण आहे हे त्यांना सांगता आले नाही, तर पोशाख बदला. चेहरे सुधारून उपयोग होणार नाही.

४. थंबनेल: पानाचा खरा निर्णय

थंबनेल म्हणजे पूर्ण पानाचे छोटे, कच्चे चित्र. हा टप्पा बहुतेक जण दहा मिनिटांत उरकतात. मला एका पानाच्या थंबनेलला एक पूर्ण संध्याकाळ लागते, आणि ती दिली नाही तर पुढे दोन दिवस वाया जातात, हा अनुभव मी पुरेसा घेतला आहे.

सुमारे ७ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा आयत आखा आणि त्यात चौकटी पाडा. आता पेन्सिल बाजूला ठेवून तीन गोष्टी घ्या: कोरा कागद, एक राखाडी मार्कर आणि एक काळा मार्कर. प्रत्येक चौकटीत पुढचे, मधले आणि मागचे असे तीन थर असतात असे धरा आणि प्रत्येक थराला या तिन्हींपैकी एकच छटा द्या. समोरची कमान काळी, मधली मुलगी पांढरी, मागची भिंत राखाडी. किंवा समोरच्या पायऱ्या पांढऱ्या, मुलगी काळी छायाकृती, मागचे पाणी राखाडी. दोन शेजारचे थर एकाच छटेचे झाले की आकृती पार्श्वभूमीला चिकटते, आणि नंतर कितीही बारीक काम केले तरी ती सुटी होत नाही.

एकेक चौकट नीट झाल्यावर पूर्ण पान एकच चित्र आहे असे समजून पाहा. काळे डाग पानभर विखुरलेले असतील तर नजर कुठेच थांबत नाही. सगळे एका कोपऱ्यात असतील तर पान कलंडल्यासारखे वाटते. काळ्याने वाचकाला एका चौकटीतून पुढच्या चौकटीत न्यायचे असते. बावडीच्या पानावर मी काळे पायरीपायरीने वाढवत नेले आहे. पहिल्या चौकटीत चांदण्यात उभी पांढरी कमान आहे आणि काळे फक्त तिच्या पोटात. दुसऱ्या चौकटीत मुलगी उतरते, तिथे उजवी बाजू काळी. तिसरीत फक्त मशाल, हात आणि चेहरा, बाकी अंधार. चौथी चौकट पाण्याची, जवळजवळ संपूर्ण काळी, तिच्यात दोन-तीन पांढऱ्या चिरा. आणि पाचवी अचानक पांढरी, कारण राक्षस वर येताना पाणी उसळते, मशालीचा उजेड त्या पाण्यावर फुटतो आणि राक्षस स्वतः त्या पांढऱ्यासमोर काळी आकृती म्हणून उभा राहतो. चौथी चौकट इतकी काळी नसती तर पाचवीचा धक्का बसला नसता.

किती काळे असावे, असा प्रश्न नेहमी येतो. रात्रीच्या पानावर साधारण निम्मे आणि दिवसाच्या पानावर पाव, हा माझा स्वतःचा अंदाज आहे. यापेक्षा कमी काळे ठेवून धीट दिसलेली पाने मी फार थोडी पाहिली आहेत. शिकणाऱ्याचा हात मात्र नेहमी भीतीने काळे कमी ठेवतो, म्हणून थंबनेलमध्ये आपल्याला बरोबर वाटते त्यापेक्षा थोडे अधिक काळे भरून पाहावे.

पुस्तिकेत समोरासमोर येणारी दोन पाने शेजारी ठेवून पाहण्यासही विसरू नये. डावे पान काळेभोर आणि उजवे रिकामे असेल, तर तो फरक कथेने मागितलेला आहे का, याचे उत्तर आपल्याकडे असायला हवे.

*तपासा:* थंबनेल भिंतीला चिकटवा, तीन पावले मागे जा आणि डोळे बारीक करा. प्रत्येक चौकटीत सर्वांत आधी काय दिसते ते कागदावर लिहा. ते कथेतल्या मुख्य घटनेशी जुळत नसेल, तर ती चौकट पुन्हा करा. नंतर थंबनेल उलटे धरा. उलट्या चित्रातही काळ्याचा तोल ठीक वाटला पाहिजे.

*सावधान:* थंबनेल पसंत पडल्याशिवाय मोठ्या कागदाला हात लावू नये. मोठ्या पेन्सिल-चित्रात बारकावे सुंदर जमले की ते पुसायला मन धजत नाही, आणि चुकीची मांडणी तशीच शाईत जाते.

५. संवादांची जागा आणि देवनागरी अक्षर

संवादफुगे शेवटी जिथे जागा उरेल तिथे ठेवणे ही दुसरी मोठी चूक आहे. फुगा म्हणजे भरीव पांढरा आकार. काळ्या चौकटीत तो मशालीपेक्षा जास्त चमकतो आणि नजर स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे तो थंबनेलमध्येच मांडलेला असावा आणि मूळ पानावर पेन्सिलीच्या आधी आखलेला असावा. बावडीच्या चौथ्या चौकटीत मी एकही शब्द ठेवलेला नाही, कारण एका फुग्याने तिथला सगळा अंधार मोडला असता.

देवनागरीच्या काही गरजा वेगळ्या आहेत. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते आणि फुगा अधिक उंच होतो. फुग्याच्या कडेपासून शिरोरेषा निदान एका अक्षराच्या रुंदीइतकी दूर ठेवावी, नाहीतर शिरोरेषा आणि फुग्याची कड एकमेकींत मिसळतात. अक्षरे हाताने लिहिताना ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेषेतली फट मुद्दाम मोठी ठेवावी. आकार लहान झाल्यावर ती भरली की ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भार’चे ‘मार’ होते. संगणकावर अक्षरे बसवायची असतील तर छापील आकारात ११ पॉइंटपेक्षा लहान जाऊ नये, आणि मूळ पानावर फुग्याची जागा तरीही आखून ठेवावी.

*तपासा:* सगळे संवाद खऱ्या आकारात ट्रेसिंग पेपरवर लिहून चौकटींवर ठेवा आणि मोठ्याने वाचा. एका फुग्यात चार ओळींहून अधिक मजकूर असेल तर वाक्य कापा, अक्षर लहान करू नका.

६. पेन्सिल

या टप्प्यावर मी थोडक्यातच लिहितो, कारण इथे चुका कमी होतात. थंबनेल स्कॅन करून मोठे छापावे आणि लाइट बॉक्सवर किंवा खिडकीच्या काचेवर धरून मुख्य आकार उतरवून घ्यावेत. नजरेने मोठे करताना मांडणी हळूच बदलते. पेन्सिल एचबी किंवा २एच, हात हलका. जे भाग भरीव काळे होणार आहेत त्यांत छोटी फुली मारावी, पेन्सिलीने छायाकाम करू नये. पेन्सिलीचा राखाडी थर सुंदर दिसतो, शाई तो राखाडी देऊ शकत नाही, आणि मग आपण हॅचिंगने, म्हणजे जवळजवळ ओढलेल्या रेघांनी, त्याची नक्कल करू लागतो. पान फिके पडण्याची सुरुवात इथूनच होते.

दोन वेगळ्या वस्तूंच्या कडा नेमक्या एकमेकींना टेकत नाहीत ना, हे पाहावे. मशालीचे टोक कमानीच्या कडेला फक्त स्पर्श करत असेल तर दोन्ही एकाच अंतरावर वाटतात. एक तर तिला कमानीवर चढवावी, नाहीतर स्पष्ट दूर ठेवावी.

७. शाईकाम

क्रम असा ठेवावा: चौकटींच्या कडा, संवाद आणि फुगे, पुढच्या थरातल्या आकृतींच्या बाह्यरेषा, भरीव काळ्या भागांच्या कडा, पार्श्वभूमी, पोत, आणि सर्वांत शेवटी भरीव काळे भरणे. भरीव काळे शेवटी भरायचे याचे कारण व्यवहारातले आहे: ओली मोठी शाई हाताला लागते आणि कागदाला ताण देते. ते कुठे असणार हे मात्र फुल्यांनी केव्हाच ठरलेले असते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून उजवीकडे यावे आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. उन्हाळ्यात घामाने पेन्सिल पसरते आणि घामाचा तेलकट डाग शाई धरत नाही.

बाह्यरेषेची जाडी एकसारखी नसावी. समोरच्या वस्तूची कड जाड, मागच्या वस्तूची बारीक. उजेडाकडची कड बारीक किंवा तुटक, सावलीकडची जाड. निब नेहमी स्वतःकडे ओढावी, पुढे ढकलू नये, कारण ढकलल्यास तिची दोन टोके कागदात रुततात आणि शाई उडते. वळण अवघड वाटले तर मनगट वळवण्याऐवजी कागद फिरवावा.

प्रकाशाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण जादू, अग्नी आणि चांदणे यांशिवाय अशी कथा होत नाही. ज्योतीला बाह्यरेषा काढू नये. ज्योत म्हणजे शाई न लागलेला कागद, आणि ती तेजस्वी दिसते ती तिच्याभोवतीच्या काळ्यामुळे. ज्योतीजवळच्या वस्तूंची उजेडाकडची कड पुसट होत नाहीशी व्हावी: मुलीच्या गालाला ज्योतीच्या बाजूने रेघच नाही, तिथे गाल आणि उजेड एक झाले आहेत. ज्योतीपासून दूर जाताना रेघा तिच्यापासूनच किरणांसारख्या निघाव्यात, सुरुवातीला केसासारख्या बारीक आणि विरळ, नंतर जाड होत होत एकमेकींत मिसळून भरीव काळे व्हाव्यात. ब्रशच्या टोकाने ओढलेल्या अशा निमुळत्या रेघांमुळे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उतार मिळतो आणि राखाडीची उणीव भासत नाही. उजेडाची दिशा चौकटीच्या बाहेर निळ्या पेन्सिलीने बाणाने दाखवून ठेवावी, म्हणजे तिसऱ्या चौकटीत डावीकडून येणारा प्रकाश चौथीत उजवीकडून येत नाही.

प्रत्येक पदार्थाला स्वतःची खूण द्यावी. बावडीचा दगड: तुटक, खडबडीत रेघ, कोपऱ्यांवर छोटे काळे खड्डे, आणि मधला भाग मोकळा, प्रत्येक दगड आखण्याची गरज नाही, चार-पाच स्पष्ट काढले की बाकीची भिंत वाचक स्वतः बांधतो. तलवारीचे पाते: भरीव काळा आणि भरीव पांढरा पट्टा अगदी शेजारी, मध्ये उतार नाही, कारण धातू उजेड परत फेकतो. घोंगडी: सगळी काळी, घडीवर दोन-तीन पांढऱ्या चिरा. स्थिर पाणी: काळे, त्यावर आडव्या पांढऱ्या रेषा, आणि मशालीचे प्रतिबिंब नेमके ज्योतीच्या सरळ खाली, आडव्या तुकड्यांत मोडलेले, ते बाजूला सरकवले की पाणी पाणी वाटत नाही. सागाच्या पानगळीतली झाडे: उभे काळे सोट, मध्ये कोरे आभाळ. राक्षसाची त्वचा: मोठा भाग निर्विकार काळा, आणि पोत फक्त जिथे उजेड आणि अंधार भेटतात त्या पट्ट्यात. सगळ्या अंगावर खवले काढले की राक्षस खवल्यांची यादी होऊन बसतो.

काळ्यासमोर काळे आलेच, जसे मुलीचे केस अंधारासमोर, तर दोन्हींच्या मध्ये पांढरी बारीक कड राखून ठेवावी. ही कड शाई लावतानाच सोडावी. नंतर पांढऱ्या रंगाने ओढलेली कड जरा जाडच येते.

*सावधान:* ब्रश शाईत किंवा पाण्यात उभा ठेवू नये. शाई केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या आत सुकली की टोक फाटते आणि पुन्हा जुळत नाही. दर वीस मिनिटांनी ब्रश धुवावा आणि काम संपल्यावर साबण लावून टोक बोटांनी जुळवून ठेवावे.

*तपासा:* पोत काढण्यापूर्वी थांबा. फक्त बाह्यरेषा आणि फुल्या असलेले पान थंबनेलशेजारी ठेवा. जे भाग थंबनेलमध्ये कोरे होते त्यांत पोत भरण्याचा मोह होत असेल, तर ते भाग कोरेच राहू द्या.

८. पुसणे आणि दुरुस्ती

शाई पूर्ण सुकल्याशिवाय रबर लावू नये. उन्हाळ्यात दोन-तीन तास, पावसाळ्यात रात्रभर थांबावे. वरून कोरडी दिसणारी जाड शाई आतून ओली असू शकते. पेन्सिल पुसताना रबर शाईचाही थोडा थर उचलतो आणि भरीव काळे करडे पडते, म्हणून पुसून झाल्यावर मोठ्या काळ्या भागांवर शाईचा दुसरा हात द्यावा. पांढरा रंग त्यानंतरच वापरावा, तोही घट्ट सायीसारखा. चूक मोठी असेल तर रंगाचे थर चढवण्यापेक्षा ती चौकट वेगळ्या कागदावर काढून संगणकावर बसवणे बरे.

९. स्कॅनिंग: इथे अनुस्वार हरवतात

मोबाईलने फोटो काढून भागवू नये. भिंगामुळे कडा वाकतात आणि उजेड एका बाजूला जास्त पडतो. फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपक्यांवर, ग्रेस्केलमध्ये (राखाडी छटांत) स्कॅन करावे. ए-३ पान ए-४ स्कॅनरवर तीन भागांत घ्यावे लागते. शेजारच्या दोन भागांत निदान ५ सेंटिमीटरचा भाग सामाईक ठेवावा आणि प्रत्येक वेळी पानाची तीच कड काचेच्या कडेला लावावी, म्हणजे जोडताना पान तिरके होत नाही.

पुढचा क्रम मोडू नये. आधी पान सरळ करणे, मग छापील आकारात आणणे, आणि त्यानंतरच थ्रेशोल्ड (ठरलेल्या मर्यादेपेक्षा गडद ते काळे आणि बाकीचे पांढरे करणारी सोय) वापरून शुद्ध काळे-पांढरे करणे. शुद्ध काळे-पांढरे केलेले चित्र नंतर लहान केले की तिरक्या रेघांना दातेरी कडा येतात. ठिपक्यांचे टोन, म्हणजे राखाडीचा भास देणारी ठिपक्यांची जाळी, लावायचे असतील तर तेही अंतिम आकारातच लावावेत. टोन लावलेले पान लहान-मोठे केले की ठिपक्यांतून नको असलेली लहरींची नक्षी उमटते. म्हणून मोबाईलवर वाचण्यासाठीची प्रत वेगळी करावी, तिच्यात ठिपक्यांऐवजी सपाट राखाडी ठेवावा. फाइल टिफ किंवा पीएनजी असावी. जेपीईजी काळ्याच्या कडेला करडी धूळ निर्माण करते.

*सावधान:* कागदावरचे बारीक ठिपके आपोआप काढून टाकणारी सोय संपूर्ण पानावर चालवू नये. तिला धूळ आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. “चिंता करू नकोस” असे वाटाड्या म्हणतो. अनुस्वार गेला की तो चितेबद्दल बोलू लागतो. एका विद्यार्थ्याच्या सोळा पानी पुस्तिकेत असे घडलेले मी पाहिले आहे, आणि ते छपाई झाल्यावरच लक्षात आले. धूळ काढायची तर फुग्यांचा भाग वगळून काढावी.

*तपासा:* थ्रेशोल्डनंतर पान शंभर टक्के आकारात पडद्यावर उघडा आणि फक्त अक्षरे वाचा. नंतर फक्त बारीक रेघा पाहा. रेघा तुटत असतील तर थ्रेशोल्डची मर्यादा किंचित वाढवा. अक्षरांची पोकळी भरत असेल तर कमी करा.

१०. छापखान्यात

मध्ये टाचण मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असतात. १४ पानांची कथा १६ पानांत बसवावी लागते, म्हणून उरलेल्या दोन पानांचा विचार आधीच करावा. चित्र कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जास्तीचे काळे द्यावे, आणि संवाद कापण्याच्या कडेपासून निदान १० मिलिमीटर आत ठेवावेत. फाइल एकाच काळ्या रंगात दिली आहे, हे छापखान्यातल्या माणसाला तोंडी सांगावे आणि लिहूनही द्यावे. चित्र चुकून चार रंगांत गेले तर प्लेट जराशी सरकल्यावर प्रत्येक अक्षराला रंगीत किनार दिसते आणि खर्चही वाढतो.

कागद निवडताना ७० जीएसएमचा नमुना हाती दिला जातो, कारण तो स्वस्त असतो. त्यावर एका बाजूचे भरीव काळे दुसऱ्या बाजूला दिसते, आणि बावडीच्या चौथ्या चौकटीमागे पांढरी चौकट असेल तर तिच्यात एक करडा चौकोन उमटतो. १०० जीएसएम घेतलेला बरा. प्रती थोड्या असतील आणि डिजिटल यंत्रावर छापायच्या असतील, तर मोठ्या काळ्या भागात पट्टे पडतात का आणि घडीवर काळे सोलून निघते का, हे एकाच पानाच्या नमुन्यावर पाहावे. त्यासाठी सर्वांत काळे पान द्यावे, सर्वांत सुंदर पान नाही.

*तपासा:* नमुना हातात आला की तो ट्यूबलाइटखाली एकदा आणि बाहेर उन्हात एकदा पाहा. उन्हात काळे करडे वाटले तर शाई किंवा टोनर वाढवायला सांगा, आणि दुसरा नमुना पाहिल्याशिवाय पूर्ण छपाईला होकार देऊ नका. मूळ पाने त्याच दिवशी परत घ्या, प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घालून सपाट ठेवा. गुंडाळी केली की जाड शाईला तडे जातात.